रंगावर नको, ढालीवर भरवसा ठेवा

तुमचं पॅफिओपेडिलम, म्हणजे पिशवीसारखी पाकळी असलेलं ऑर्किड, फुललं, अभिनंदन! त्याची जात कोणती, असं विचारलंत, पण नाव ठरवायची घाई करू नका. पॅफिओपेडिलममध्ये रंग फार फसवतो. फुलाच्या मधोमध, पिशवीच्या तोंडाशी एक छोटी ढाल दिसते ना, तो स्टॅमिनोड, म्हणजे वांझ पुंकेसर. त्याचा आकार, कडा, मधला उंचवटा भिंगातून बघा आणि अगदी समोरून फोटो काढा. जात ठरवताना मी आधी तिथेच बघतो.

मग पानं. वेनुस्टम या जातीचं पान वरून चट्टेरी, खालून जांभळट, आणि पिशवीवर हिरव्या शिरांची जाळी. एकदा पाहिलं की विसरत नाही. विलोसम या जातीचं पान साधं हिरवं, फुलाच्या दांड्यावर लांब केस, पाकळी वार्निश मारल्यासारखी चकचकीत. पाकळीचा वरचा अर्धा भाग तपकिरी, खालचा फिका. वरच्या निदलावर (पाकळ्यांबाहेरच्या दलावर) गडद ठिपक्यांची गर्दी असेल तर विलोसमचा बॉक्सॅली हा प्रकार तपासा. जांभळा रंगच नसलेलं हिरवट-पिवळं फूल म्हणजे नवी जात नव्हे, बहुधा ओळखीच्याच जातीचं अल्बम, म्हणजे जांभळा रंग नसलेलं, रूप.

नावाची चिठ्ठी हरवलेलं झाड संकरितही असू शकतं, तेव्हा त्यावर अंदाजाने जातीचं नाव लिहू नका. आणि जंगलातून काढलेलं रोप कृपा करून घेऊ नका. पॅफिओपेडिलमच्या सगळ्याच जाती साइट्सच्या (धोक्यातल्या वन्य जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट 1 मध्ये, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या यादीत, आहेत.

ढालीचा फोटो पाठवा, मिळून बघू.