घरी केलेला ताजा पास्ता आठवडाभर टिकवायचा असेल, तर तो वाळवावा, फ्रिजमध्ये ठेवावा की गोठवावा?

मैदा आणि अंडी यांचा पास्ता सुटीच्या दिवशी करून पुढचे सात-आठ दिवस वापरायचा, असा आपला बेत आहे. अशा पास्त्यासाठी माझे उत्तर एकच आहे: तो कापल्यावर लगेच गोठवावा. फ्रिजमध्ये तो एक-दोन दिवस बरा राहतो. त्यानंतर पट्ट्या एकमेकींना चिकटू लागतात आणि त्यांच्यावर राखाडी झाक येते. ही झाक म्हणजे बुरशी नव्हे, पिठातील एन्झाइमांमुळे त्यातील काही घटकांचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन रंग काळवंडतो, परंतु ताटात तो पास्ता केविलवाणा दिसतो हे खरे.

वाळवण्याची कल्पना सर्वांनाच मोहात पाडते, आणि दोरीवर टांगलेल्या पट्ट्या दिसतातही छान, पण अंडी घातलेला पास्ता घरच्या हवेत वाळवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. घरात वाळायला बराच वेळ लागतो, तेवढा काळ अंड्याचा ओलावा कोमट हवेत राहतो आणि जंतूंना वाढायला पुरेशी संधी मिळते. पास्ता नंतर उकळायचाच आहे, मग भीती कसली, असे वाटणे साहजिक आहे. मात्र स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूने एकदा तयार केलेले विष उकळल्यानेही नाहीसे होत नाही. वाळवायचाच असेल तर अंडी वगळून ड्युरम गव्हाचा बारीक रवा आणि पाणी यांचा पास्ता करावा, पंख्याच्या थेट झोतात न ठेवता संथपणे वाळू द्यावा (बाहेरचा थर आधी आक्रसला तर तो तडकतो), आणि मोडून पाहावा. कट्कन तुटला तर हवाबंद डब्यात भरावा. मधे किंचितही वाकला तर अजून वाळू द्यावा.

आता गोठवण्याविषयी. साधारण 100 ग्रॅम मैद्याला एक अंडे घेऊन पीठ घट्ट मळावे, झाकून अर्धा तास मुरू द्यावे, मग लाटून कापावे. कापलेल्या पट्ट्यांवर मैद्याऐवजी रवा भुरभुरावा, कारण मैदा ओल्या पिठात विरून चिकटा करतो, तर रव्याचे कण मोकळे राहतात आणि उकळताना भांड्याच्या तळाशी बसतात. मी पहिल्यांदा घाईघाईत सगळ्या पट्ट्यांचा एकच गोळा पिशवीत कोंबला होता. उकळत्या पाण्यात त्याची बाहेरची बाजू लगदा झाली आणि मधोमध कच्च्या पिठाचा बर्फाळ गड्डा उरला. तेव्हापासून मी एकेका माणसापुरती सैल घरटी करते, ती ताटात सुटीसुटी मांडते, उघडीच फ्रीझरमध्ये ठेवते आणि दगडासारखी कडक झाल्यावरच पिशवीत भरून, हवा काढून, तारीख लिहिते. उणे 18 अंशांवर तो महिना-दोन महिने चवीला उत्तम राहतो.

सारण भरलेल्या पास्त्याला हीच रीत लागू पडते, फक्त विलंब चालत नाही, कारण सारणाचे पाणी आतून पीठ भिजवू लागते. सारण आधी नीट निथळून घ्यावे आणि भरल्या भरल्या ताट फ्रीझरमध्ये सरकवावे.

शिजवताना मात्र पास्ता आधी बाहेर काढून वितळवू नये. बर्फ वितळताच पट्ट्या ओलसर होऊन पुन्हा एकमेकींना धरतात. मोठ्या भांड्यात भरपूर खारे पाणी खळखळ उकळत असताना दोन-तीन घरटी थेट टाकावीत, अर्धा मिनिट हात न लावता थांबावे, मग काट्याने हलकेच मोकळी करावीत. ताज्यापेक्षा मिनिटभर जास्त लागते, तरी घड्याळावर विसंबू नये, एक पट्टी चावून पाहावी.