रॅम घेण्याआधी खातंय कोण ते बघ

थांब भो, सर्व्हरची मेमरी पुरत नाही म्हणतोस, पण रॅम वाढवायची घाई नको. मेमरीचा हिशोब दाखवणारी 'फ्री' कमांड दिली की 'अव्हेलेबल'चा, म्हणजे खरोखर वापरता येणाऱ्या मेमरीचा आकडा बघ. रिकामी रॅम लिनक्स कॅशेला, म्हणजे फाइली हाताशी ठेवायला वापरतो, ती गेलेली नसते; लागली की मोकळी होते. मग चालू प्रोसेसची यादी दाखवणारं 'टॉप' उघडून शिफ्ट-एम दाब, जास्त मेमरी खाणारे वर येतात. साइटचा पीएचपी कोड चालवणाऱ्या पीएचपी-एफपीएमची एकेक प्रोसेस ६० एमबी आणि मॅक्स चिल्ड्रन, म्हणजे अशा प्रोसेसची कमाल संख्या, ५०; म्हणजे सगळ्या चालल्या तर ३ जीबी तिथंच गेली. तुझा सर्व्हर २ जीबीचा!

रावेरच्या केळीभावाच्या माझ्या साइटचं हेच झालं होतं. भाव टाकला की अख्खा तालुका एकदम उघडायचा, आणि मेमरी संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) बिचाऱ्या मायएसक्यूएल डेटाबेसला मारायचा, म्हणजे बंद करायचा. कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तेव्हा उजेड पडला. चिल्ड्रन १५ वर आणले, मॅक्स रिक्वेस्ट्स ५०० केल्या. मेमरी न सोडणारी गळकी प्रोसेस तेवढ्या विनंत्या झाल्या की आपोआप बदलते. पीएचपीची मेमरी लिमिट मात्र उगाच वाढवू नको, ती दर स्क्रिप्टमागे लागते.