डावे पक्ष मतपेटीतून सत्तेवर कसे येतात? आणि महाराष्ट्रात का आले नाहीत?

तुमच्या प्रश्नाचे दोन भाग आहेत. क्रांतीची भाषा बोलणारे पक्ष लोकशाहीत निवडून कसे येतात, आणि महाराष्ट्रात चळवळी एवढ्या मोठ्या असून त्यांचं सरकार का आलं नाही. माझा कल डावीकडे आहे, हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

केरळ राज्य १ नोव्हेंबर १९५६ ला झालं. त्याच्या पहिल्याच विधानसभा निवडणुकीत तेव्हाच्या अखंड (१९६४ च्या फुटीआधीच्या) कम्युनिस्ट पक्षाने १२६ पैकी ६० जागा जिंकल्या आणि पाच अपक्षांच्या पाठिंब्यावर ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांनी ५ एप्रिल १९५७ ला मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. मतं साधारण ३५ टक्के होती. हे जगातलं पहिलं निवडून आलेलं कम्युनिस्ट सरकार असं अनेकदा लिहिलं जातं. चिमुकल्या सान मारिनोत ते १९४५ मध्येच झालं होतं, पण केरळएवढ्या लोकसंख्येच्या प्रदेशात असं घडण्याचं महत्त्व त्याने कमी होत नाही.

हा विजय प्रचारसभांमधून आलेला नव्हता. केरळमधले बहुतेक पुढारी १९३४ नंतर काँग्रेसमधल्या समाजवाद्यांच्या काँग्रेस सोशलिस्ट पक्षात होते आणि तिथूनच कम्युनिस्ट झाले. मलबारात, म्हणजे उत्तर केरळात, जमिनीचा मालक म्हणजे जन्मी. तो कुळाला वाटेल तेव्हा काढू शकत होता आणि खंडावर आणखी नजराणे उकळत होता. या कुळांच्या संघटना बांधण्यात ए. के. गोपालन यांच्यासारख्या माणसांची उमेदीची वर्षं गेली. गावातली वाचनालयं, शाळामास्तर, विडी आणि काथ्याचे कामगार हे सगळे त्या जाळ्यात आले. मधे पक्षाने घोडचूकही केली. १९४८ मध्ये बी. टी. रणदिवे सरचिटणीस झाले आणि पक्षाने सशस्त्र उठावाचा मार्ग धरला. पक्ष त्यात मोडकळीला आला. १९५१ मध्ये ती दिशा सोडली आणि पुढच्याच वर्षी पहिल्या लोकसभेत त्यांचे १६ खासदार निवडून आले. निवडणूक ही लढाई आहे हे पक्षाला तेव्हा उमगलं, असं मला वाटतं.

आता सत्तेत आल्यावर काय केलं ते पाहा. शपथेनंतर आठवड्याच्या आत कुळांना जमिनीवरून काढण्यास बंदी घालणारा वटहुकूम निघाला. जमीनसुधारणेचा कायदा नंतर, आधी आहे त्या माणसाला आहे तिथे टिकवायचं. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. कायदा येणार अशी कुणकुण लागली की मालक सगळ्यात आधी कुळंच हाकलतात. महसूल खातं सांभाळणाऱ्या के. आर. गौरी अम्मांना हे पक्कं माहीत होतं.

मग शिक्षणमंत्री जोसेफ मुंडश्शेरींनी शिक्षण विधेयक आणलं. खासगी शाळांतल्या शिक्षकांचा पगार थेट सरकारी तिजोरीतून द्यायचा आणि नेमणुका सरकारी यादीतून करायच्या. शाळा प्रामुख्याने चर्चच्या आणि नायर समाजाच्या संस्थेच्या होत्या, त्यामुळे दोघेही उठले. काँग्रेस आणि मुस्लिम लीगही त्यात उतरले. १९५९ चं हे 'विमोचन समरम' (मुक्तिलढा) मोठं होतं आणि त्यात खरी नाराजीही होती. पक्षाचे स्थानिक कार्यकर्ते सरकारी कामात ढवळाढवळ करत, ही तक्रार खोटी नव्हती. पोलिसांच्या गोळीबारात माणसंही मेली. तरीही विधानसभेत बहुमत शाबूत असलेलं सरकार ३१ जुलै १९५९ ला राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ वापरून बरखास्त करणं हा अन्याय होता. नेहरू पंतप्रधान होते आणि इंदिरा गांधी काँग्रेसच्या अध्यक्ष. १९६० च्या निवडणुकीत सगळे विरोधक एकत्र आले, कम्युनिस्टांच्या जागा २९ वर घसरल्या, पण मतं वाढून ३९ टक्क्यांच्या आसपास गेली. पक्षाने बंदूक उचलली नाही, पुन्हा निवडणूक लढवली आणि फुटीनंतरही १९६७ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या नेतृत्वाखालच्या आघाडीतून परत सत्तेत आला. डाव्यांचा लोकशाहीवर विश्वास आहे का, असं कोणी विचारलं की मी ही आठ वर्षं दाखवतो.

बंगालची गोष्ट वेगळी आहे. १९७७ मध्ये डाव्या आघाडीचे ज्योती बसू मुख्यमंत्री झाले, तेव्हा बटाईदारांना (पिकाच्या वाट्यावर दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांना) संरक्षण देणारे कायदे कागदावर होतेच. फक्त बटाईदाराचं नाव दप्तरात नव्हतं. ती नोंदवण्याच्या 'ऑपरेशन बर्गा' या मोहिमेत महसूल अधिकारी गावात मुक्कामाला गेले, मजूर शेतातून परतल्यावर संध्याकाळी बैठका घेतल्या आणि सगळ्यांसमोर नावं लिहून घेतली. सुमारे १४ लाख नोंदी झाल्या. ३४ वर्षांची सत्ता त्यातून उभी राहिली. पण त्याच काळात गावातला पक्ष म्हणजेच सरकार असं होऊन बसलं. रेशनकार्डापासून भांडणापर्यंत सगळं पक्षाच्या कचेरीतून. ज्यांनी जमीन नावावर करून दिली त्यांच्याच पोलिसांनी १४ मार्च २००७ ला नंदीग्रामात जमीन वाचवणाऱ्यांवर गोळ्या घातल्या. २०११ मध्ये सत्ता गेली आणि २०२१ मध्ये विधानसभेत डाव्यांचा एकही आमदार उरला नाही. मला त्याचं दुःख आहे, पण मतदारांना दोष देता येत नाही.

महाराष्ट्राचं उत्तरही जमिनीतच आहे. कुळकायद्याने तेव्हाच्या मुंबई राज्याच्या मोठ्या भागात १ एप्रिल १९५७ पासून कूळ मालक मानलं गेलं. केरळच्या शपथविधीच्या चार दिवस आधी! म्हणजे 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा इथे काँग्रेसनेच कायद्यात आणली. त्याआधी असंख्य कुळांकडून जमीन सोडल्याचे 'राजीखुशीचे' राजीनामे लिहून घेतले गेले होते, ते वेगळं. पुढे साखर कारखाने, सोसायट्या, जिल्हा बँका यांनी मधला शेतकरी काँग्रेसशी बांधून टाकला. डाव्यांकडे मुंबईतला गिरणी कामगार राहिला. १९५७ मध्ये संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे मुंबईतून खासदार झाले, पण ती लाट भाषेची होती. १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात शेकापचे (शेतकरी कामगार पक्षाचे) एन. डी. पाटील मंत्री होते, तेही दोन वर्षांच्या आतच संपलं.

जिथे कुळकायदा प्रत्यक्षात फारसा पोचला नाही, तिथे मात्र चित्र केरळसारखं दिसतं. डहाणू-तलासरीत १९४५ मध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्या गोदावरी परुळेकरांनी वारल्यांची वेठबिगारी मोडायला सुरुवात केली, आणि त्याच डहाणूतून २०१९ आणि २०२४ मध्ये मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे विनोद निकोले निवडून आले. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला चालत आलेल्या शेतकऱ्यांची एक मुख्य मागणी वनजमिनीचे पट्टे नावावर करा, हीच होती. त्यातले कितीतरी दावे अजून तहसील आणि प्रांत कचेऱ्यांत पडून आहेत. महाराष्ट्रात डाव्यांना वाढायचं असेल तर काम तिथे आहे.