वाचक विचारतात : सान हुआनला दोनच दिवस मिळतायत, काय बघू आणि काय सोडू?

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो, मुलगी न्यूजर्सीला असते. फेब्रुवारीत तिच्याकडे चाललोय तेव्हा थंडीतून सुटका म्हणून ती आम्हाला पोर्तो रिकोच्या सान हुआनला नेणार आहे, पण तिची सुट्टी बघता पूर्ण दोनच दिवस मिळतात. जावयाच्या लिस्टमध्ये एल युंकेचं जंगल, रात्री चमकणारं पाणी (समुद्रातल्या सूक्ष्म जीवांमुळे चमकतं ते), बीच, किल्ले सगळंच आहे. ह्यांना किल्ल्यांचं वेड, माझे गुडघे दुखतात. वेगळा व्हिसा लागेल का आणि प्लॅन कसा करू?

उत्तर : व्हिसाची काळजी सोडा, १८९८ पासून हे बेट अमेरिकेकडे आहे त्यामुळे तुमचा अमेरिकेचा टुरिस्ट व्हिसाच चालतो, पैसेही डॉलरच. नेवार्कहून साधारण चार तासांची डोमेस्टिक फ्लाइट आहे, पण डोमेस्टिक म्हणून पासपोर्ट मुलीच्या घरी ठेवून जाऊ नका, दोघांचेही ओरिजिनल जवळ हवेतच.

आता लिस्ट. माझं स्पष्ट मत, जंगल आणि चमकणारं पाणी ह्या वेळी काढून टाका. दोन्हीसाठी शहराबाहेर बरंच लांब जावं लागतं, गाडीत बसून बसून दिवस जातो आणि मग जुनं शहर उरलेल्या दोन तासांत धावत बघायचं, हे मला अजिबात पटत नाही. हॉटेल जुन्या सान हुआनमध्येच घ्या म्हणजे दुपारी खोलीवर येऊन पाय लांब करता येतात, तुमच्या गुडघ्यांना ते फार गरजेचं आहे.

किल्ले दोन आहेत, एल मोर्रो आणि सान क्रिस्तोबाल, आणि आधी मोर्रोच बघा, ह्याला कारण आहे. युरोपातून वाऱ्यावर येणारी जहाजं कॅरिबियनमध्ये शिरताना आधी ह्याच बाजूला लागायची, म्हणून तेव्हा बेट ज्यांच्या ताब्यात होतं त्या स्पॅनिश लोकांनी १५३९ मध्ये बंदराच्या तोंडावर मोर्रो बांधायला घेतला. १५९५ मध्ये इंग्रज दर्यावर्दी ड्रेक समुद्रातून आला आणि मार खाऊन परत गेला. पण तीनच वर्षांनी अर्ल ऑफ कंबरलँड हा इंग्रज सरदार जमिनीकडून आला आणि मोर्रो घेतला! पुढे त्याच्या सैन्यात रोगराई पसरली म्हणून त्याला निघून जावं लागलं ते वेगळं. १६२५ मध्ये डच आले, त्यांना किल्ला काही मिळाला नाही पण जाताना शहर जाळून गेले. मग शहराभोवती तट आला आणि जमिनीकडून येणाऱ्यांना अडवायला सान क्रिस्तोबाल वाढत गेला, तो पुरा व्हायला १७८३ उजाडलं. तुमच्या ह्यांनी आपला वसईचा किल्ला बघितला असेल तर समुद्राकडे तोंड करून बसलेल्या किल्ल्याला जमिनीकडून आलेली फौज किती जड जाते हे त्यांना सांगायलाच नको. म्हणून क्रम उलटा करू नका, आधी मोर्रो बघितला की सान क्रिस्तोबाल का बांधला ते आपोआप कळतं.

एकाच तिकिटात दोन्ही किल्ले होतात आणि ते २४ तास चालतं, म्हणून पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर मोर्रो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उघडल्या उघडल्या सान क्रिस्तोबाल, एकदम आरामात. मोर्रोसमोर मोठं हिरवं मैदान आहे, लोक तिथे पतंग उडवतात, छान वाटतं पण सावली नाही, टोपी आणि पाणी घ्याच. आतमध्ये उतार आणि जिने खडे आहेत, तुम्ही वरच्या मजल्यावरच थांबा, समुद्र तिथूनही मस्त दिसतो, ह्यांना खालच्या तोफांपर्यंत जाऊ दे.

गुडघ्यांसाठी अजून एक, शहर बंदराकडून वर चढत जातं, तेव्हा वर जाताना टॅक्सी करा आणि उतरताना चाला. गल्ल्यांमध्ये निळसर विटा बसवल्यात, पाऊस पडला की निसरड्या होतात, चपला नको, बूटच. वाटेत कॅथेड्रलमध्ये बेटाचा पहिला स्पॅनिश गव्हर्नर पॉन्से दे लिऑनची कबर बघा, आणि ला फोर्तालेसा बाहेरून तरी बघाच, सोळाव्या शतकातली इमारत आणि गव्हर्नर अजून तिथेच राहतात. म्युझियम वगैरे वेळ उरला तर.

परतताना विमानतळावर फळांसाठी सामान तपासतात, बाजारात घेतलेली फळं तिथेच खाऊन संपवा.

प्रश्न : आम्हीही तिकडे जाणार आहोत, पण घरचे सगळे पक्के शाकाहारी. खायचं काय? (नौपाडा, ठाणे)

उत्तर : उपाशी राहणार नाही, पण विचारल्याशिवाय काही खाऊ नका. तिकडचा मोफोंगो म्हणजे तळलेली कच्ची केळी लसूण घालून कुटलेली, ऐकायला शाकाहारी वाटतं पण त्यात बहुतेक वेळा डुकराचं मांस असतं. ओल्या तुरीचे दाणे घातलेला भात सगळीकडे मिळतो, त्यातही हॅम घालतात. ऑर्डर देताना ‘सिन कार्ने, सिन हामोन’ म्हणजे मांस नको, हॅम नको, हे सांगाच आणि रस्सा कशाचा आहे तेही विचारा. तोस्तोनेस म्हणजे चेपून तळलेली कच्ची केळी, ती बिनधास्त मागवा, फक्त तेल कुठलं ते विचारून घ्या.