टीबीच्या कल्चर (जंतू वाढवून बघायच्या तपासणीच्या) रिपोर्टला इतके आठवडे का लागतात? लवकर कळायचा काही मार्ग नाही का?
आहे की. उशीर लॅबमुळे होत नाही, जंतूच मुळात संथ. ई. कोलाय हा आतड्यातला जंतू साधारण 20 मिनिटांत दुप्पट होतो, टीबीच्या जंतूला 15 ते 20 तास लागतात. म्हणून जंतू वाढवायच्या घन माध्यमावर वसाहती दिसायला 3 ते 8 आठवडे जातात.

द्रव माध्यमाच्या एमजीआयटी नळीत तळाशी एक रसायन असतं. जंतूंनी ऑक्सिजन संपवला की ते अतिनील प्रकाशात चमकतं, बरेचदा दोनेक आठवड्यांतच. मग एमपीटी64 ही चाचणी-पट्टी 15 मिनिटांत सांगते, हा टीबी गटातला की त्याच कुळातला दुसराच मायकोबॅक्टेरियम.

जीनएक्सपर्ट ही जंतूचा डीएनए शोधणारी तपासणी तर थेट बेडक्यातून सुमारे 2 तासांत निदान करते, रिफाम्पिसिन या टीबीच्या औषधाला दाद न देणारा जंतूही ओळखते. फक्त मेलेल्या जंतूंचा डीएनएही तिला सापडतो, त्यामुळे औषधं लागू पडताहेत का हे बघायला स्मिअर (काचेवर बेडका पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं) नि कल्चरच लागतं.