वाचकांचे प्रश्न : इंटरकूलर काळा रंगवावा का?

प्रश्न : माझ्याकडे २.२ लिटरच्या टर्बो डिझेल इंजिनाची जीप आहे. कामानिमित्त महिन्यातून तीन-चार वेळा चाळीसगावहून कन्नडचा घाट चढावा लागतो. एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी घाटात गाडी हिवाळ्यासारखी ओढत नाही. आमच्या मिस्त्रींचा सल्ला असा की, ग्रिलमागचा इंटरकूलर काढून त्यावर काळा मॅट रंग फवारावा, कारण काळी वस्तू उष्णता लवकर बाहेर टाकते. माझे वडील मात्र म्हणतात की काळे कापड उन्हात अधिक तापते, तर काळा इंटरकूलर गार कसा राहील? खर्च करण्यापूर्वी यातले खरे काय ते समजावे. — एक वाचक, भडगाव (जि. जळगाव)

उत्तर : आपण खर्च करू नये, हे आधीच सांगून टाकतो. मिस्त्री आणि वडील दोघेही जे सांगतात ते भौतिकशास्त्राला धरून आहे. परंतु इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारी नळ्यांची जाळी) ज्या रीतीने गार होतो, त्या रीतीशी दोघांच्याही म्हणण्याचा फारसा संबंध येत नाही.

टर्बो इंजिनात जाणारी हवा दाबतो आणि दाबलेली हवा तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे खालचे टोक हाताला गरम लागते, तोच हा प्रकार. बाहेर ४३ अंश सेल्सिअस तापमान असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर टर्बोतून निघणारी हवा साधारण १४० अंशांची असते. गरम हवा विरळ असल्याने त्याच आकारमानात ऑक्सिजन कमी मावतो, म्हणून ती इंजिनात जाण्यापूर्वी इंटरकूलरच्या नळ्यांमधून खेळवून ६५ ते ७० अंशांपर्यंत उतरवली जाते. आपल्या गाडीसारखे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर जोर लावत असेल, तर सेकंदाला सुमारे १०० ग्रॅम हवा त्यातून जाते आणि तिला ७० अंशांनी गार करायचे म्हणजे सुमारे ७ किलोवॅट उष्णता बाहेर काढावी लागते. घरातल्या गिझरला जेवढी वीज लागते, तिच्या तिपटीहून हे अधिक आहे. हा ७ किलोवॅटचा आकडा ध्यानात ठेवावा, कारण पुढचा सगळा हिशेब त्याच्याशी ताडून पाहायचा आहे.

शाळेत आपण उष्णता संक्रमणाचे तीन प्रकार शिकलो : वहन, अभिसरण आणि प्रारण. इंटरकूलरमध्ये आतल्या हवेची उष्णता नळीच्या व फिनच्या (नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांच्या) धातूतून वहनाने बाहेर येते आणि तिथून ग्रिलमधून घुसणारा वारा ती अभिसरणाने उचलून नेतो. रंगाचा संबंध फक्त तिसऱ्या प्रकाराशी, म्हणजे प्रारणाशी आहे. चकचकीत ॲल्युमिनियम प्रारणाने उष्णता फारच कमी सोडते. आदर्श काळ्या वस्तूची उत्सर्जकता (प्रारण सोडण्याची क्षमता) १ मानली, तर त्याची ०.१ च्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, आणि रंगाचा थर दिला की ती ०.९ पर्यंत जाते. मिस्त्रींच्या म्हणण्याला आधार आहे तो एवढाच. मात्र इथे रंगाच्या थराचे श्रेय काळेपणाला फुकट मिळते. शंभर अंशांच्या आतबाहेर तापलेली वस्तू जे किरण सोडते ते अवरक्त असतात, डोळ्यांना दिसत नाहीत, आणि त्या किरणांच्या बाबतीत पांढरा, हिरवा व काळा ऑइलपेंट जवळजवळ सारखेच वागतात. जॉन लेस्ली यांनी १८०४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत गरम पाण्याच्या धातूच्या चौकोनी डब्याची एक बाजू काजळीने माखलेली, एक कागद चिकटवलेली आणि एक घासून चकचकीत केलेली अशी तुलना केली होती. त्यांत पांढरा कागद काजळीच्या जवळपास पोहोचला आणि चकचकीत धातू फार मागे राहिला.

आता हिशेब. इंटरकूलर ६० सेंटिमीटर रुंद व ३० सेंटिमीटर उंच धरू. पुढची व मागची बाजू मिळून ०.३६ चौरस मीटर क्षेत्रफळ होते. पृष्ठभाग सरासरी ७० अंशांवर आणि भोवताल ४३ अंशांवर असेल, तर स्टीफन-बोल्ट्झमन नियमानुसार (तापमानावरून प्रारण काढण्याचा नियम) उघडे ॲल्युमिनियम सुमारे ८ वॅट आणि रंगवलेले सुमारे ७१ वॅट उष्णता प्रारणाने सोडील. फरक ६३ वॅटचा, म्हणजे ७ किलोवॅटच्या एक टक्क्याहून कमी. इंजिनात जाणारी हवा यामुळे फार तर अर्ध्या-पाऊण अंशाने गार होईल, आणि एवढ्या फरकाने घाटात गाडी ओढू लागणार नाही. शिवाय या हिशेबात मी रंगाला झुकते माप दिले आहे, कारण वापरलेला, धूळ बसलेला इंटरकूलर चकचकीत राहिलेलाच नसतो.

फिनचे एकूण क्षेत्रफळ तर कित्येक चौरस मीटर असते, मग ते का धरले नाही, असा प्रश्न एखादा चौकस वाचक विचारील. शेजारशेजारच्या दोन फिनमध्ये जेमतेम दोनेक मिलिमीटरची फट असते. एका फिनने सोडलेले किरण समोरच्या फिनवरच पडतात आणि तीही तितकीच तापलेली असते, त्यामुळे ही देवाणघेवाण घरातल्या घरात राहते. बाहेर जाते ते फक्त फटीच्या तोंडातून. आणि खोल, अरुंद फट मुळातच काळ्या वस्तूसारखी वागते. भर दुपारी रस्त्यावरून पाहिले, तर आतून चुन्याने पांढरी केलेल्या खोलीची उघडी खिडकीही काळीच दिसते. आत शिरलेला उजेड भिंतींवर आपटत राहतो आणि सहसा बाहेर येत नाही. फिनच्या जाळीचेही तसेच आहे. तिला काळी करण्याचे बरेचसे काम तिच्या घडणीनेच केलेले असते.

याहून मोठी अडचण इंटरकूलरच्या पाठीशी उभी आहे. आपल्या जीपमध्ये तो रेडिएटरच्या पुढे बसवलेला असावा. घाटात रेडिएटर ९० ते ९५ अंशांवर असतो आणि जो पृष्ठभाग प्रारण चांगले सोडतो तो ते तितकेच चांगले शोषतोही. वरच्याच पद्धतीने पाहिले, तर काळी केलेली मागची बाजू रेडिएटरकडून जवळपास ४० वॅट घेईल आणि पुढची बाजू तेवढेच बाहेर टाकील. जमाखर्च शून्यावर येतो. मध्ये एसीचा कंडेन्सर असेल, तर हा भार काहीसा कमी होतो. ज्या गाड्यांत इंटरकूलर थेट इंजिनाच्या डोक्यावर असतो, त्यांत तो तापलेल्या इंजिनाकडे तोंड करून असतो आणि तिथे रंगाने तोटाच संभवतो.

वडिलांच्या शंकेविषयी थोडक्यात : उभ्या गाडीत काळा इंटरकूलर उन्हाने अधिक तापेल हे खरे, पण त्याच्यावर ग्रिलची सावली असते आणि गाडी धावू लागली की वाऱ्याने ती उष्णता मिनिटभरात निघून जाते.

आता रंगामुळे नुकसान किती, तेही पाहू. रंग हा उष्णतेचा मंदवाहक असला, तरी ५० मायक्रॉनचा थर हवेच्या स्वतःच्या अडथळ्यापुढे किरकोळ असतो आणि त्याने फार तर एक-दोन टक्क्यांची तूट येते. म्हणजे जेवढा नफा तेवढाच, किंवा त्याहून अधिक, तोटा. खरी भीती जाडीची नाही, तर रंग फिनमधल्या बारीक खाचांत साचण्याची आहे. या खाचा हवेच्या प्रवाहाला ढवळत ठेवण्यासाठी मुद्दाम पाडलेल्या असतात. हौशी हाताने डबा रिकामा होईपर्यंत फवारा मारला की त्या बुजतात, वारा अडतो, आणि मग एक-दोन टक्क्यांचा प्रश्न राहत नाही.

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवण्याची सक्ती नाही. घरी स्टीलचे तीन सारखे पेले घ्यावेत. एक उघडा ठेवावा, एक बाहेरून काळा आणि एक पांढरा रंगवावा. तिन्हींत सारखेच कढत पाणी ओतून वर झाकण ठेवावे, आणि पंखा बंद असलेल्या खोलीत दर पाच मिनिटांनी तापमान पाहावे. रंगवलेले दोन्ही पेले उघड्या पेल्यापेक्षा लवकर निवतील आणि काळ्या-पांढऱ्यात फरक शोधावा लागेल. मग हाच प्रयोग टेबल फॅनसमोर करावा. उघड्या व रंगवलेल्या पेल्यांमधले अंतर बरेच घटलेले दिसेल. घाटात चढणाऱ्या गाडीचा इंटरकूलर फॅनसमोरच्या पेल्यासारखा आहे.

मग गाडी का ओढत नाही? खानदेशातल्या गाड्यांच्या बाबतीत मी सर्वांत आधी जाळीकडे बोट दाखवीन. कापसाच्या हंगामात जिनिंगकडे जाणाऱ्या गाड्यांमागून फिरताना उडणारे तंतू, रस्त्याची माती आणि चिकटलेले किडे यांचा मिळून फिनवर नमद्यासारखा थर बसतो, आणि तो पुढून दिसत नाही इतका आत असतो. इंटरकूलर काढून मागच्या बाजूने पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवावा. प्रेशर वॉशरची धार जवळून मारली तर फिन आडव्या होतात. त्याच वेळी आतून तेल साचले आहे का ते पाहावे, कारण टर्बोकडून येणारे थोडेसे तेलही नळीच्या आतल्या भिंतीवर पसरून उष्णता अडवते. टर्बो ते इंजिन या मार्गावरील रबरी होज आणि त्यांच्या क्लिपा तपासाव्यात. भेगाळलेल्या होजमधून दाब निसटला की गाडी ओढेनाशी होते आणि दोष मात्र उन्हाला दिला जातो. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ताशी २५-३० किलोमीटरच्या वेगाने जाताना ग्रिलमधून वारा असा फारसा येतच नाही, तेव्हा रेडिएटरच्या पंख्यावरच भिस्त असते. तो पूर्ण वेगाने फिरतो की नाही हेही पाहून घ्यावे. ग्रिल आणि इंटरकूलर यांच्यामधले प्लॅस्टिकचे किंवा फोमचे आडोसे अपघात-दुरुस्तीनंतर पुष्कळदा परत बसवलेच जात नाहीत, आणि मग वारा जाळीतून न जाता बाजूने पळतो.

हे सर्व केल्यावर गाडीच्या ओबीडी सॉकेटला (इंजिनाची माहिती वाचण्याच्या जोडणीला) लहानसा स्कॅनर जोडून, त्याच घाटात, त्याच वेळी, इंजिनात जाणाऱ्या हवेचे तापमान आधी व नंतर पाहावे. दहा अंशांनी ते उतरले, तर हवा सुमारे तीन टक्क्यांनी घन होते.

प्रश्न : वरील गोष्ट खरी असेल, तर जुन्या ट्रॅक्टरचे आणि ट्रकचे रेडिएटर काळेच का असत? — एक वाचक, शिरपूर (जि. धुळे)

उत्तर : ते तांब्या-पितळेचे असत आणि डाख दिलेले असत. गंज व हिरवट चढण्यापासून बचाव, आणि सगळे सांधे एकसारखे दिसावेत, यासाठी त्यांवर काळ्या रंगाचा अगदी पातळ हात दिला जाई. आजही काही इंटरकूलर काळे येतात, ते बहुधा ग्रिलमागे चमकू नयेत म्हणून. इन्व्हर्टर किंवा ॲम्प्लिफायरच्या पाठीवरची काळी जाळी मात्र निराळी. तिच्यावर पंखा नसेल, तर स्थिर हवेत प्रारणाचा वाटा मोठा असतो आणि तिथे काळ्या ॲनोडाइझ थराचा (ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने चढवलेल्या ऑक्साइडच्या थराचा) खरोखर उपयोग होतो.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात खोलीतला कूलर चांगला चालतो. मग इंटरकूलरवर पाण्याचा फवारा मारला तर? — एक वाचक, शहादा (जि. नंदुरबार)

उत्तर : ही कल्पना रंगापेक्षा कितीतरी सरस आहे. सुबारू इम्प्रेझा एसटीआय आणि मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन या गाड्यांत कंपनीनेच अशी सोय दिलेली होती. एक लिटर पाण्याची वाफ होताना सुमारे २४ लाख ज्यूल उष्णता लागते, म्हणजे वर सांगितलेली ७ किलोवॅट उष्णता एक लिटर पाणी पाच-सहा मिनिटे एकटे वाहून नेऊ शकते, अर्थात ते पाणी जाळीवर टिकून सगळे उडाले तर. आपल्याकडची मेमधली कोरडी हवा यास अनुकूलच आहे. पावसाळ्यात लाभ उतरतो, पण तेव्हा गरजही उरत नाही. बोअरचे पाणी मात्र वापरू नये. कूलरच्या वाळ्याच्या पडद्यांवर जे पांढरे क्षार बसतात तेच फिनच्या खाचांत बसतील, आणि पडदे बदलता येतात तसे इंटरकूलरचे फिन बदलता येत नाहीत. साठवलेले पावसाचे किंवा बॅटरीत घालतात ते पाणी घ्यावे, आणि फवारा घाटाच्या चढापुरताच चालू ठेवावा.