गरीब देशांत चक्रीवादळाने इतकी माणसं का मरतात? आपण मदत काय पाठवावी?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यावरून माझं आणि थोरल्या भावाचं २५ वर्षं वाजतंय. जुने कपडे पाठवू नका.

१९९९चं ओडिशाचं महाचक्रीवादळ. २९ ऑक्टोबरला पारादीपजवळ धडकलं, वारा ताशी २५० किलोमीटरच्या वर, आणि समुद्र एरसमाच्या बाजूला कित्येक किलोमीटर आत शिरला. मृतांचा सरकारी आकडाच १०,०००च्या घरात. दादाने चार दिवसांत ट्रकभर कपडे गोळा केले आणि सोबत मला धाडलं. झाडं आडवी पडून रस्ते बंद, पोचेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. जगतसिंहपूरच्या पुढे गेलो तर आमच्याआधी आलेल्यांचे कपडे रस्त्याच्या दोन्ही कडांना चिखलात लोळत होते. स्वेटर, कोट, जोडी नसलेले मोजे. मेलेल्या जनावरांचा वास नाकातून जात नव्हता आणि आम्ही गाठोडी सोडत होतो.

एक म्हातारे गृहस्थ आले. शर्ट-पँटींना हातही लावला नाही. परकर तेवढे निवडले, त्यांच्या नाड्या ओढून काढल्या, एकीला एक गाठ मारत लांब दोर केला आणि परकर घडी घालून परत गाठोड्यात ठेवले. त्यांना कुठून तरी प्लास्टिकचा कागद मिळाला होता, तो डोक्यावर बांधायला दोरी नव्हती. घरी येऊन दादाला हे सांगितलं तर म्हणाला, "म्हणजे उपयोग झालाच की!" आता यावर काय बोलणार? नुसत्या डिझेलच्या पैशांत अख्ख्या गावाला पुरेल एवढी दोरी आली असती.

राहिला पहिला प्रश्न. वाऱ्यापेक्षा पाणी जास्त मारतं. इशारा मिळाला तरी मातीचं घर सोडून जायचं कुठे, आणि गाय कुणाच्या भरवशावर सोडायची? पण सगळं गरिबीच्या माथी मारू नका, ती निम्मी सबब आहे. १९७०च्या भोला चक्रीवादळात आजच्या बांगलादेशात किमान तीन लाख माणसं गेली, १९९१मध्ये जवळपास १ लाख ४० हजार. २००७च्या सिद्रमध्ये सरकारी आकडा साडेतीन हजारांच्या आत. देश तेवढ्यात श्रीमंत झाला नव्हता. खांबांवर उभारलेले निवारे झाले होते आणि गावातलीच माणसं भोंगा घेऊन दारोदार फिरत होती. ओडिशानेही २०१३च्या फायलिनच्या आधी सुमारे दहा लाख लोक हलवले, बळी काही डझन. क्युबा काही श्रीमंत नाही, तरी २००८च्या गुस्ताव्हमध्ये तिथे एकही माणूस दगावला नाही. त्याच वर्षी म्यानमारमध्ये नर्गिसने १ लाख ३८ हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली, आणि तिथले लष्करशहा बाहेरून आलेल्या मदत कार्यकर्त्यांना व्हिसासाठी ताटकळत ठेवत होते. याला गरिबी म्हणत नाहीत.

म्हणून पैसे पाठवा. त्या भागात आधीपासून काम करणाऱ्यांच्या हातात द्या, त्यांना कळतं काय आणायचं ते. हां, पहिल्या आठवड्यात बाजारच उघडा नसतो, तेव्हा नोटा चावून पोट भरत नाही हे दादाचं म्हणणं मला मान्य आहे. तेव्हा ताडपत्री, दोरी आणि पाणी लागतं. पाणी म्हणजे पाणीच, नुसत्या क्लोरीनच्या गोळ्या नव्हेत. तळ्यात समुद्र शिरला असेल तर गोळ्यांनी जंतू मरतात, खारटपणा तसाच राहतो. शेतातलं मीठ धुऊन निघायलाही पाऊसकाळ जावे लागतात, तोवर तो माणूस खाणार काय, हे कुणी विचारत नाही.

२०१९मध्ये फनी आलं तेव्हा दादाने परत गाठोडी बांधायला काढली. मी म्हटलं, या वेळी नुसते परकर पाठव. दोन महिने बोलला नाही.